कोंबड्या मोकळ्या, स्ट्रॉबेरी शाबूत: एकाच परसात दोन्ही कसं जमवायचं

परसात चार-पाच गावरान कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि तिथेच स्ट्रॉबेरी लावायची आहे, असं म्हटलं की आधी चोचीची भीती वाटते. खरं नुकसान नखं करतात. टोच बसली तर एक फळ जातं, पण वाफा उकरला गेला तर रोपच जातं. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या फुटात असतात आणि रोपाचा सगळा जीव मातीच्या पातळीवरच्या एका आखूड, जाड खोडात असतो. वाई-पाचगणीकडचे शेतकरी त्याला क्राऊनच म्हणतात. कोंबडी पायांनी माती मागे भिरकावते, तेव्हा एका रोपाची मुळं उघडी पडतात आणि तीच माती मागच्या रोपाच्या क्राऊनवर जाऊन बसते. उघडं पडलेलं रोप दुपारपर्यंत मान टाकतं. गाडलं गेलेलं आठ-पंधरा दिवस हिरवं दिसतं आणि मग मधून कुजतं. त्यामुळे रोगाचं औषध शोधलं जातं, पण कारण मागच्या आठवड्यातलं उकरणं असतं.

म्हणून या दोघांना एकाच वेळी एकाच वाफ्यात नांदवायचा हट्ट धरू नका. जमीन एकच ठेवा, वेळ वाटून द्या.

वर्षाची वाटणी

आपल्याकडे स्ट्रॉबेरी हे थंडीचं पीक. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथलं वेळापत्रकच सातारा, पुणे, नाशिक या पट्ट्यातल्या परसबागेला थोड्याफार फरकाने लागू पडतं: सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लागवड, दोनेक महिन्यांनी पहिली फळं आणि एप्रिलपर्यंत तोडणी. महाबळेश्वरात ती मेपर्यंत चालते. पुण्यासारख्या ठिकाणी मार्चमध्ये पारा चढला की फळ लहान आणि मऊ होत जातं. कोकणात किंवा विदर्भात लावायचीच असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीची हौस म्हणून लावा.

आता कोंबड्यांचा हिशेब. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला आणि ई. कोलायसारखे जंतू मातीत येतात, आणि स्ट्रॉबेरी आपण न सोलता, न शिजवता खातो. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेणखत किंवा विष्ठा जमिनीत पडल्यापासून मातीला टेकणाऱ्या पिकाच्या तोडणीपर्यंत किमान १२० दिवस जावे लागतात, आणि मातीला न टेकणाऱ्या पिकाला ९०. घरच्या बागेतही हाच आकडा धरा. पहिलं फळ १ डिसेंबरच्या सुमारास येणार, तर १२० दिवस मागे मोजल्यावर ऑगस्टची सुरुवात येते. म्हणजे ३१ जुलैला स्ट्रॉबेरीच्या जागेचं फाटक बंद आणि शेवटचं फळ तोडेपर्यंत कोंबडी आत नाही. एप्रिल-मे ते जुलै अखेर ती जागा त्यांची.

त्या काळात कोंबड्यांकडून एक काम नक्की करून घ्या, हुमणीचं, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीचं. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर जमिनीबाहेर येतात, तेही अंधार पडता पडता, तेव्हा कोंबड्या खुराड्यात गेलेल्या असतात. त्यामुळे भुंगेरे बाहेर यायच्या आधीच गाठावे लागतात. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रिकामा वाफा कुदळीने वीतभर खोल खणा, ढेकळं फोडा आणि लगेच कोंबड्या सोडा. त्या आपणहून तीन-चार बोटंच उकरतात, खालचं त्यांना तुम्ही वर आणून द्यायचं. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या आणि मातीतच दबा धरून बसलेले भुंगेरे त्या एकेक करून टिपतात. आठ दिवसांनी हाच वाफा पुन्हा खणा. तणाचं बी आणि कोवळे अंकुरही त्या खातात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खात नाहीत, त्या हातानेच वेचाव्या लागतात.

वाफा आणि त्यावरची जाळी

पाच कोंबड्यांमागे निदान एक गुंठा मोकळी जागा हवी. त्याहून दाटी झाली तर पावसाळ्याअखेर जमीन उघडी-बोडकी होते आणि मग त्या कुंपणाच्या पलीकडेच डोळा ठेवून असतात.

स्ट्रॉबेरीचा गादीवाफा ३ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच करा. माती भुसभुशीत, पाणी न धरणारी आणि किंचित आम्लधर्मी हवी, सामू ५.५ ते ६.५. लाल तांबडी माती उत्तम. काळी चिकण माती असेल तर तिसरा हिस्सा जाड वाळू आणि तेवढंच कुजलेलं शेणखत मिसळल्याशिवाय लावू नका. दोन ओळी, ओळींमध्ये ४० सेंटिमीटर, कडेपासून प्रत्येकी २५ आणि रोपात ३०, अशी १८ ते २० रोपं बसतात. कडेचे २५ सेंटिमीटर वाया जातात असं वाटून ओळी बाहेर सरकवू नका. फळं रोपाच्या घेराबाहेर लोंबतात आणि जाळीला टेकलेलं फळ बाहेरून टोचलं जातं.

रोप लावताना क्राऊन मातीला बरोबर टेकलेला हवा, अर्धा आत अर्धा बाहेर. लावणी उन्हं उतरल्यावर करा. वाईकडच्या रोपवाटिकांतून स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा, नाबिला अशा जातींची रोपं मिळतात. घरासाठी स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन बरी, लवकर धरते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत आलेली फुलं खुडून टाका. रोप अंगाने भरलं नाही तर पुढची फळं बोराएवढी राहतात.

आच्छादनासाठी भाताचा पेंढा चांगला, पण मोकळा पसरलेला पेंढा म्हणजे कोंबडीला आमंत्रणच. खाली किडे असणार हे तिला ठाऊक असतं. जाळी कधीमधी उघडी राहणारच, हे गृहीत धरून ३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर, म्हणजे आच्छादनाचा पातळ प्लास्टिक कागद, अंथरा, त्याला पाच सेंटिमीटरची भोकं पाडा आणि कडा मातीत गाडून वर विटा ठेवा. ठिबकची नळी कागदाखाली जाते, म्हणजे नखं लागून ती ओढलीही जात नाही.

आता जाळी. एक-दोन वाफेच असतील तर संपूर्ण कुंपणापेक्षा वाफ्यावर कमानी घालणं स्वस्त आणि पक्कं. अर्ध्या इंचाच्या काळ्या एचडीपीई पाइपाचे २ मीटरचे पाच तुकडे घ्या. दर ७५ सेंटिमीटरवर एक, दोन्ही टोकं एकेक वीत-दीड वीत मातीत. खाली सळईचा फूटभर तुकडा ठोकून त्यावर पाइप चढवला की वाऱ्याने हलत नाही. कमान मधे साधारण ४५ सेंटिमीटर उंच येते. वर १ इंची षट्‌कोनी कोंबडीजाळी, ६ फूट रुंदीची, साधारण १४ फूट. एवढ्या रुंदीची मिळाली नाही तर ३ फुटी दोन पट्ट्या बाइंडिंग तारेने माथ्यावर शिवून घ्या. जाळीची २० सेंटिमीटर कड दोन्ही बाजूंना जमिनीवर बाहेरच्या दिशेने पसरून वर दगड ठेवा. कोंबडी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरते आणि तिथे तिच्या पायाखालीच जाळी येते. मुंगूसही याच कारणाने आत घुसत नाही. एका बाजूची कड मात्र लांब बांबूला गुंडाळून बांधा. तोडणीच्या वेळी बांबू उचलायचा, काम झालं की खाली ठेवायचा.

जाळी १ इंची का, यामागे कारण आहे. अर्ध्या इंचीने पिल्लंही अडतात, पण पैसे जास्त पडतात. शेडनेट किंवा कीडरोधक बारीक जाळी घातली तर सातेरी मधमाश्या आत येत नाहीत आणि फळं वेडीवाकडी, एका बाजूने चिमलेली निघतात. फळावरची प्रत्येक बी परागीभवन झाली तरच तिच्या भोवतीचा गर फुगतो, त्यामुळे जिथे माशी पोचली नाही तिथे फळ आखडलेलं राहतं. १ इंची जाळीतून माशी सहज जाते आणि बुलबुल बाहेर राहतो. बुलबुलाचा त्रास कोंबडीपेक्षा कमी नसतो.

वाफे जास्त असतील तर त्या तुकड्याला ५ फुटी कुंपण घाला. वरच्या कडेला बांबू किंवा वासा आडवा बांधू नका. कोंबडी सरळ पलीकडे उडत नाही, आधी बसायला कठडा पाहते, मग त्यावर चढून आत उतरते. वरचा फूटभर भाग ढिला, बाहेर झुकलेला ठेवला की तिला पाय ठेवायला जागा दिसत नाही. पंख कापायचा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणजे एकाच बाजूच्या पंखाची लांब पिसं छाटायची. बंदिस्त आवारात ते ठीक आहे. कुत्री-मुंगसं फिरतात अशा ठिकाणी कापू नका, उडून झाडावर जाणं हाच तिचा एकमेव बचाव असतो.

कोंबड्यांना त्यांचं काम आणि त्यांची धूळ

नुकताच खणलेला, भुसभुशीत वाफा कोंबडीला अंघोळीसाठी हवाच असतो. ती त्यात कूस टाकते, पिसं फुलवते आणि धूळ अंगात मुरवते. उवा-पिसवा त्यानेच कमी होतात, म्हणून ही सवय मोडता येत नाही. तिला दुसरी जागा द्यायची. खुराड्याच्या वळचणीला, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी ३ फूट बाय २ फूट, वीतभर खोल खड्डा करा. त्यात दोन पाट्या कोरडी चाळलेली माती, एक पाटी बारीक वाळू, अर्धी पाटी चुलीतली चाळलेली राख. प्लास्टिक जाळलेली राख नको. खड्डा कोरडा राहिला पाहिजे. एकदा ओला झाला की कोंबड्या तो सोडतात आणि पुन्हा बागेत येतात.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी उपाशी कोंबड्या बागेत सोडल्या की त्या नांगरच धरतात. सकाळी त्यांना दाणा आणि चारा खुराड्याच्या अंगणातच द्या, अंडी तिथेच घालू द्या, आणि बागेत दुपारी चारनंतर सोडा. पोट निम्मं भरलेलं असतं, दीड-दोन तास फिरून त्या दिवेलागणीला आपणहून परततात. हाकलत बसावं लागत नाही. नवीन रोपं लावलेल्या आठवड्यात तेवढंही नको. पिल्लांची कोंबडी सर्वांत जास्त उकरते, तिला आणि पिल्लांना पहिले दीड-दोन महिने वेगळं ठेवा.

औषधी आणि सुवासिक वनस्पती: कच्चं की उकळून

इथे सरळ नियम लावा. जे आपण कच्चं खातो ते जाळीआड. जे उकळून किंवा फोडणीत घालून खातो ते कोंबड्यांच्या वाटेवर चालेल. म्हणजे कोथिंबीर, पुदिना, बेसिल, पार्सली, लसणाची पात जाळीत. गवती चहा, कढीपत्ता, आलं, हळद, अडुळसा, रोझमेरी बाहेर.

सोयीची गोष्ट अशी की बाहेर ठेवायची ती झाडं कोंबड्या फारशा खातही नाहीत. गवती चहाची पात धारदार आणि चिवट, रोझमेरी आणि ओव्याचं पान उग्र. ओव्याच्या पानाची भजी करायची असेल तर तेही बाहेर चालतं. गवती चहाचा तर कुंपणासारखा उपयोग होतो: स्ट्रॉबेरीच्या वाफ्यापासून दोन-अडीच फुटांवर, दीड-दीड फुटाने ठोंब लावले की वर्षभरात भिंत होते आणि कोंबड्या तिथून आत शिरण्याऐवजी वळसा घालतात. फक्त वाफ्याला फार जवळ लावू नका, त्याची मुळं पाणी आणि खत ओढून घेतात.

खात नसल्या तरी बुंध्याशी उकरतातच. नवीन लावलेल्या रोझमेरीभोवती किंवा हळदीच्या गड्ड्याभोवती मुठीएवढे दगड किंवा फुटक्या कौलांचे तुकडे फूटभर घेरात एकमेकांना खेटून मांडा. वाळूसारखी बारीक खडी नको, ती उडवली जाते. कढीपत्त्याचं झाड तीन-चार फुटांचं झालं की त्याला काही लागत नाही, उलट त्याच्या सावलीत कोंबड्या बसतात आणि खतही पडतं. तेवढं आलं आणि हळद सांभाळा. पावसाळ्यात मातीची भर लावली की त्याच दिवशी ती विस्कटली जाते आणि गड्डे उघडे पडून हिरवे होतात. भर लावून वर पालापाचोळा आणि त्यावर नारळाच्या झावळ्या आडव्या दाबून ठेवा.

कोथिंबीर आणि मेथी कोंबड्यांना फार प्रिय. त्यांच्यासाठी वेगळी चराऊ चौकट करून द्या, म्हणजे तुमच्या वाफ्यावरचा डोळा सुटतो. ३ फूट बाय २ फूट लाकडी चौकट, ४ इंच उंच, वरून १ इंची जाळी ताणून खिळ्यांनी ठोकलेली. खाली मातीत मेथी, गहू किंवा बाजरी पेरा आणि चौकट वर ठेवा. रोप जाळीतून वर येतं तेवढंच त्या खुडतात, मुळाशी पाय पोचत नाहीत, आणि आठवड्याभरात पुन्हा फुटवे येतात. जाळी जमिनीला टेकलेली असेल तर हा सगळा बेत फसतो, त्या जाळीसकट रोप उपटतात. चार इंच अंतर हवंच.

पुदिना कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात लावून दोरीने मांडवाला टांगा, साडेचार-पाच फुटांवर. ओट्यावर ठेवला तर त्या ओट्यावर चढतात. वाळलेली तुळस, पुदिना किंवा कडुनिंबाचा पाला अंड्यांच्या खोक्यात घातलेला चांगलाच, पण त्याने पिसवा जातील या भरवशावर राहू नका. खोकं रिकामं करून उन्हात टाकणं आणि गवत बदलणं पंधरा दिवसांनी करावंच लागतं.

खत: गरम आणि खारट

एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते. पाच कोंबड्यांची वर्षाकाठी दीडशे किलोच्या वर जाते आणि रात्रीची बरीचशी खुराड्यातल्या बसायच्या दांडीखाली एका जागी मिळते. हे खत नत्राने फार तेज असतं आणि त्यात क्षार जास्त असतात. स्ट्रॉबेरी क्षारांना फार नाजूक. ताजं खत टाकलं की आठ दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, आणि जी रोपं तगतात ती नुसती पानं वाढवतात, फळ देत नाहीत.

दांडीखाली वाळलेला पाला किंवा भाताचं तूस वीतभर अंथरा, दर पंधरा दिवसांनी गोळा करा. ढीग लावताना विष्ठा एक घमेलं, कोरडा पाला तीन घमेली असं प्रमाण धरा. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच असल्याशिवाय आत तापत नाही. पिळल्यावर एखादा थेंब पडेल इतकाच ओला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर ढीग नीट तापला आहे. थर्मामीटर असेल तर आत ५५ अंशांच्या वर हवं. ही ऊब १५ दिवस टिकवायची आणि त्या काळात पाच वेळा ढीग उलटायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. पुढे दोन-तीन महिने मुरू द्या. अमोनियाचा वास येत असेल तोवर ते तयार नाही.

लागवडीआधी ३ मीटरच्या वाफ्याला असं एक घमेलं आणि जुनं शेणखत दोन घमेली पुरे होतं. न तापलेला, नुसता साठवलेला ढीग स्ट्रॉबेरीला देऊच नका. तो कढीपत्ता, केळ, गवती चहा यांच्या बुंध्याशी घाला.

जे परसात आणायचंच नाही

एरंडीची पेंड सेंद्रिय खत म्हणून सर्रास विकली जाते. ती विषारी असते आणि कोंबड्या, कुत्री ती आवडीने खातात. मोकळ्या कोंबड्या असलेल्या बागेत ती नको, मातीत मिसळलेलीही नको, कारण त्या उकरून काढतात. गोगलगायींसाठी मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचंही तेच, त्या गिळल्या तर जीव जाऊ शकतो. गोगलगायी पहाटे हाताने वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. वाफ्यात मावा किंवा लाल कोळी आला तर कोंबड्यांची मदत होत नाही, ते पानांच्या खालच्या बाजूला असतात. पानं खालून जोरदार पाण्याने धुवा, मग निंबोळी तेल ५ मिली आणि थोडा साबण एक लिटर पाण्यात, संध्याकाळी. कण्हेर आणि धोत्रा आवारात असेल तर तोडलेल्या फांद्या कोंबड्यांच्या वाटेवर टाकू नका.

तोडणीच्या दिवसांत

फळ सकाळी, उन्हाच्या आधी, देठासकट तोडा. तीन चतुर्थांश लाल झालं की कोंबडीला आणि बुलबुलाला ते तुमच्याआधी दिसतं, म्हणून एक दिवसाआड फेरी हवीच. खुराडं झाडून तशीच बागेत जाऊ नका. तोडणीची चप्पल वेगळी ठेवा आणि हात साबणाने धुऊन मगच फळाला लावा. जाळीवर बसलेल्या पक्ष्याची घाण पडलेलं फळ धुऊन खायचा विचार करू नका, त्याची साल इतकी नाजूक आणि बियांनी भरलेली असते की नुसत्या धुण्याने ते स्वच्छ होत नाही. टोचलेलं फळही वाफ्यात राहू देऊ नका, दोन दिवसांत त्यावर करडी बुरशी चढते आणि शेजारच्या फळाला लागते. ही फळं कोंबड्यांनाच घाला, पण खुराड्याच्या अंगणात. जाळीपाशी उभं राहून दिली तर दुसऱ्या दिवसापासून त्या तिथेच येऊन थांबतात.

एका रोपाला हंगामात पाव ते अर्धा किलो फळ मिळतं. एप्रिलमध्ये फळ संपत आलं की रोपं उपटा, मल्चिंग पेपर गुंडाळून ठेवा, कमानी काढा. पुढच्या वर्षासाठी दोन-चार निरोगी रोपं कुंडीत घेऊन आडोशाला, कोंबड्यांच्या उंचीच्या वर ठेवा. पावसाळ्यात त्यांना रनर, म्हणजे टोकाला नवं रोप धरणारे लांब धुमारे, येतात, एका रनरवरचं पहिलंच रोप धरा. पानांवर ठिपके असलेलं रोप धरू नका, त्यापेक्षा नवी रोपं विकत घेतलेली बरी. मग कुदळ घ्या, वाफा वीतभर खणा आणि फाटक उघडा.